पाय नसलेला जेसीबी

“बाई, ह्याला पाय न्हाईत.”

साताऱ्यात बालवाडीत शिकवत होते तेव्हाची गोष्ट. एका पालकांनी मुलाच्या वाढदिवसाला वर्गासाठी जेसीबी आणून दिला होता. पिवळाधमक, हातभर लांब. बटण दाबलं की दिवे लागायचे आणि कुठल्याशा परक्या भाषेतलं गाणं वाजायचं. पहिली पाच मिनिटं नुसती झुंबड. मग तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजू लागलं तशी मुलं पांगली आणि साडेचार वर्षांचा एकच मुलगा गाडीपाशी उरला. त्यानं ती उलटीपालटी केली, मागचा खोदायचा हात वर-खाली करून पाहिला. तो हलेना, अंगाला जोडूनच ओतलेला होता. मग गाडी माझ्या मांडीवर ठेवून त्यानं वरचं वाक्य ऐकवलं आणि वाळूच्या हौदाकडे निघून गेला.

मला काही उमगलं नाही. जेसीबीला चाकं असतात, पाय कुठले?

उत्तर चार दिवसांनी पोवई नाक्यावर मिळालं. २०१८ साल होतं. नाक्यावर ग्रेड सेपरेटरचं काम सुरू झालं होतं. पुढं २०२१च्या जानेवारीत ते भुयारी रस्ते खुले झाले, पण मधल्या काळात साताऱ्याचं ऐन हृदय खोदलेलं होतं. मोठी माणसं धुळीनं आणि कोंडीनं वैतागली होती. आमच्या मुलांना मात्र तो रोजचा सोहळा होता. आजोबांचं बोट धरून बालवाडीला येणारी मुलं पत्र्यांच्या फटीतून आत बघत उभी राहायची आणि उशिरा यायची. शेवटी मी आणि मदतनीस मावशी मुलांना घेऊन मुद्दाम तिकडे गेलो. लांब उभं राहून बघितलं. जेसीबी खड्ड्याशी आला. ऑपरेटरनं आपली खुर्ची मागे फिरवली. पुढचं बकेट जमिनीला टेकवलं. आणि मागून दोन लोखंडी पाय हळूहळू खाली उतरले, मातीत रुतले, मागची चाकं जराशी उचलली गेली. मग कुठे खोदायला सुरुवात झाली.

“बगा, पाय!” तो मुलगा ओरडला.

पाय टेकले नाहीत तर खोदताना सगळी गाडी हिसके खाईल, डोलेल. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानं बघून ओळखलं होतं की आधी पाय, मग खोदणं. हा क्रम ज्या गाडीत नाही ती त्याच्या लेखी जेसीबी नव्हती, कितीही पिवळी असो.

त्या दिवसापासून मी ‘खऱ्यासारखं खेळणं’ हा शब्द जपून वापरते. आपण मोठी माणसं खरेपणा बघतो तो रंगात, स्टिकरमध्ये, आरशात, नंबरप्लेटवर. मूल बघतं ते काम. काय वर जातं, काय खाली येतं, माती कुठून येते आणि कुठे पडते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला गाडी हवी असते ती गाडीचं काम स्वतःच्या हातानं करण्यासाठी. मादाम माँटेसरींनी रोममधल्या आपल्या बालगृहात हेच टिपलं होतं, की समोर छान छान खेळणी असली तरी मुलं खऱ्या कामाच्या वस्तूंकडे वळतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आसपासच्या शंख-शिंपल्यांतून, बियांतून, काड्यांतून शिक्षणाची साधनं उभी केली. प्रशिक्षणात हे सगळं मी पाठ केलं होतं. पण ते मनात उतरलं पोवई नाक्याच्या धुळीत.

त्यानंतर वर्गात मी एक करून पाहिलं. गाणारा जेसीबी कपाटावर ठेवला आणि वाळूच्या हौदात दोन साधे प्लास्टिकचे डंपर, एक मोडका पोकलेन आणि काही करवंट्या ठेवल्या. पोकलेनचा वरचा भाग गोल फिरायचा, एवढीच त्याची कमाई. हौदात रोज नाका खणला जाऊ लागला. एक मुलगी ऑपरेटर, एक मुलगा डंपरवाला, आणि तिसरा नुसता उभा राहून हातवारे करणारा. तो हेल्पर. “येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!” असं म्हणून तो डंपरच्या पाठीवर थाप मारायचा. इंजिनाचे आवाज मुलं तोंडानं काढत. चढावर वेगळा, माल ओतताना वेगळा. गाणारी गाडी वर्गात होती तेव्हा असा एकही आवाज मी ऐकला नव्हता. गाडी बोलत होती, म्हणून मुलं गप्प होती.

२०१९च्या जूनमध्ये आम्ही सांगलीला आलो. माझ्या सासऱ्यांचं, आप्पांचं, पेठेत खेळण्यांचं दुकान आहे. त्यांचे गुडघे थकले, यजमानांची नोकरी बाहेरची, तेव्हा दुकान मी बघायचं ठरलं. बालवाडीच्या बाईनं गल्ल्यावर बसायचं याचं मला थोडं दडपण होतं. आप्पा म्हणाले, “अगं, तिथं पण तू पोरंच सांभाळत होतीस. हितं पोरांबरोबर त्यांचे आईबाप सांभाळायचे, एवढाच फरक.”

आप्पांचं बालपण खेड्यातलं. त्यांच्या लहानपणी विकतचं खेळणं म्हणजे बेंदराला कुंभाराकडून येणारे मातीचे बैल. पूजा झाली की बैल मुलांचे. त्यांना जुंपायची गाडी मुलंच करायची. ज्वारीच्या ताटाची चिपाडं सोलायची, आतलं भेंड कापायचं, बाभळीच्या काट्यांनी एकमेकांत टोचायचं. मी त्यांना पाय नसलेल्या जेसीबीची गोष्ट सांगितली तेव्हा ते मनापासून हसले. म्हणाले, “आमच्यात एकानं गाडी केली आन् जू करायचं इसरला. पोरांनी त्याला वरीसभर चिडवला. जू न्हाय तर बैल वडणार कशानं?” जू, शिवळा, साटी, कणा, आरे असे गाडीचे सगळे भाग त्यांना आजही तोंडपाठ आहेत, कारण ते सगळे त्यांनी चिपाडात करून पाहिले होते. दारात बैलगाडी होती तेव्हा मुलांनी बैलगाडी केली. आज दारात जेसीबी, हायवा आणि ट्रॅक्टर आहेत. मूल तेच आहे.

दुकान हाती घेऊन दोन महिने झाले नाहीत तोच पूर आला. ऑगस्टचा पहिला आठवडा. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. पेठाच्या पेठा पाण्यात. माल वर चढवला होता तिथवरही पाणी आलं. ओसरल्यावर शटर उघडलं तेव्हा आप्पा पायरीवरच बसले. मी त्या दिवसाबद्दल जास्त लिहीत नाही. सांगलीत घराघरात ती गोष्ट आहे.

पण त्या चिखलातून मला जे कळलं ते सांगितलंच पाहिजे. खोकी सगळी भिजून लगदा झाली होती. त्यांच्यावरची झगमगीत चित्रं, मोठमोठी अक्षरं, सगळं गेलं. बॅटरीची एकूण एक गाडी मेली. मागे ओढून सोडायच्या गाड्यांच्या आतल्या कमानींत गाळ जाऊन त्या जाम झाल्या. हातानं चालणाऱ्या गाड्या तेवढ्या उरल्या. आम्ही त्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात धुतल्या, उन्हात वाळवल्या. विकायच्या नव्हत्याच. गल्लीतल्या ज्या घरांचं सगळं गेलं होतं तिथल्या मुलांना द्यायच्या म्हणून पायरीवर चादर अंथरून मांडल्या.

खोक्यावरचं चित्र नसताना, किंमत नसताना, आईबाप ‘हे घे, ते नको’ म्हणत नसताना मुलं काय उचलतात, हे दुकानदाराला एरवी कधी दिसत नाही. मला ते त्या पायरीवर दिसलं. मुलं गाडी उचलत, पहिल्यांदा हलणारा भाग शोधत, तो हलवून बघत, मग चादरीवर चालवून बघत. रंगानं फिकट झालेला एक डंपर तिघांना हवा होता, कारण त्याचा हौदा उचलला की मागचं फळकं आपोआप उघडायचं. शेजारीच एक नवीकोरी दिसणारी रेसिंग कार होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही. समोर गल्लीत तेव्हा खरे जेसीबी गाळाचे आणि भिजलेल्या संसारांचे ढीग उचलून ट्रॉल्यांत भरत होते. एक छोटी मुलगी डंपर घेऊन खाली बसली आणि आमच्या पायरीच्या कोपऱ्यातला गाळ चमच्याएवढ्या फळीनं त्यात भरू लागली. पुराच्या गाळात हात घालू द्यायचा नव्हता, म्हणून मी तिला उचलली आणि मागच्या अंगणात कोरडी वाळू दिली. तिनं ती वाळू दिवसभर वाहिली. तिच्या घरातला चिखल तिची आई तेव्हा तशीच वाहत होती.

मी आणि आप्पांनी त्या दिवाळीला माल भरताना ठरवलं की वाहनांत आधी कामाच्या गाड्या घ्यायच्या, आणि प्रत्येक नमुना आधी जमिनीवर बसून स्वतः चालवून बघायचा. घाऊक व्यापाऱ्यांना हे विचित्र वाटतं. चाळिशीची बाई गोदामात मांडी घालून डंपर ओढतेय. पण खेळणं काउंटरवर उभं करून कळत नाही. हौदा उचलला की उचललेला राहतो का? बकेट इतकं उथळ तर नाही ना, की मूठभर वाळूही मावू नये? पोकलेनचा हात दोन सांध्यांत वाकतो का? मिक्सरचं पिंप हातानं फिरतं का? खऱ्या मिक्सरमध्ये आत नागमोडी पाती असतात. एका बाजूला फिरवलं तर काँक्रीट घुसळलं जातं, उलटं फिरवलं तर बाहेर येतं. हे खेळण्यात जमवलेलं मी एकदाच पाहिलं आणि त्या गाडीचे होते तेवढे नग उचलले.

चूकही झाली. ती सांगते, कारण ती माझ्या निष्काळजीपणाची होती. एका व्यापाऱ्याकडून हुबेहूब हायवाची खेप आली. आरसे, शिडी, भोंगा, सगळं जागच्या जागी. मला मोह पडला. आठवड्याभरात एक आई दीड वर्षाच्या बाळाला कडेवर घेऊन आली. तिनं मूठ उघडून दाखवली; तळहातावर तो आरसा होता. बाळाच्या तोंडातून काढला होता. ती भांडली नाही, फक्त म्हणाली, “वहिनी, तुम्ही बालवाडीत होता म्हणून मी तुमच्याकडून घेते.” मी ती सगळी खेप मांडणीवरून काढली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मोठ्यांना हवा असलेला खरेपणा लहानग्यांच्या जिवावर बेततो तो असा. आरसा, शिडी, अँटेना हे बारीक भाग शोभेच्या मॉडेलला ठीक. तीन वर्षांखालच्या मुलासाठी गाडीचा कुठलाही सुटणारा तुकडा घशात अडकणारा नको. प्रमाणित चाचणीत त्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. जो भाग तिच्यात मावतो तो त्या वयाला धोक्याचा. घरी कुणाकडे जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची डबी असेल तर तिचं तोंड साधारण तेवढंच असतं. मी तशी एक डबी गल्ल्यात ठेवली आहे. गिऱ्हाइकासमोर चाक ओढून बघते, आरसा वाकवून बघते. बॅटरीची गाडी कुणाला घ्यायचीच असेल तर बॅटरीचं झाकण स्क्रूनं बंद होतं का ते दाखवते. ती बटणासारखी चपटी बॅटरी मुलानं गिळली तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजू शकते. अशा वेळी वाट न बघता दवाखाना गाठायचा.

१ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची झाली. सुरुवातीला आम्हा छोट्या दुकानदारांची तारांबळ उडाली, हे खरं. पण मी त्या नियमाच्या बाजूची आहे. साध्या खेळण्याला आयएस ९८७३ आणि विजेच्या खेळण्याला आयएस १५६४४ ही मानकं आहेत; खुणेखाली परवान्याचा क्रमांक असतो आणि तो बीआयएस केअर या ॲपवर टाकला की खरा-खोटा कळतो. हे मी प्रत्येक आईला करून दाखवते. पाच मिनिटं जातात, जाऊ देत. त्याच्या आदल्याच वर्षी परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं होतं. २०२३ मध्ये ७० झालं. त्यातून देशी माल वाढला. आज माझ्या मांडणीवर आपली रिक्षा आहे, आपला मालट्रक आहे. मुलं त्यांना नावानं ओळखतात. जर्मनीतल्या ब्रूडर कंपनीच्या १:१६ मापाच्या गाड्या मी हाताळल्या आहेत. त्यांच्या सांध्यांची सफाई बघून आपण शिकण्यासारखं आहे. पण आमच्या पेठेतल्या गिऱ्हाइकाला त्या परवडत नाहीत आणि मी त्यांचा आग्रह धरत नाही.

गिऱ्हाईक हीच माझी दुसरी शाळा. एकदा एक जेसीबी ऑपरेटर बायको-मुलाला घेऊन आला. महामार्गाच्या सहापदरी कामावर, कराडकडे होता. मी तीन नमुने काढले. त्यानं एकेक हातात घेऊन मागचं बकेट वाकवून पाहिलं, आणि एक बाजूला सारला. “ताई, ह्याचं बकेट उलटं बशिवलंय. ह्यानं खोदायचं कसं?” खरंच होतं, दात बाहेरच्या बाजूला वळलेले. माझ्या इतक्या तपासणीतून ते सुटलं होतं. पायवाला नमुना त्यानं घेतला. मुलगा तिथंच फरशीवर बसला आणि पाय टेकवून खोदू लागला. बाप त्याच्याशेजारी उकिडवा बसून हळू आवाजात सांगत होता, आधी काय, मग काय. बारा-बारा तास घराबाहेर असलेल्या माणसाला आपलं काम मुलाला दाखवायला दुसरी कुठली जागा मिळणार होती? त्याची बायको माझ्याकडे बघून हसली.

मुलींच्या बाबतीत मी आता स्पष्ट बोलते. वडील विचारतात, “मुलीसाठी काहीतरी दाखवा,” आणि मुलगी पोकलेनच्या मांडणीपुढे उभी असते. मी तिच्या हातात पोकलेन देते आणि वडिलांना सांगते की बालवाडीतल्या हौदावर माझी सगळ्यात तयार ऑपरेटर एक मुलगी होती. बाहुली घ्यायची तर तीही घ्या. पण मुलीचा हात जिकडे गेला तिकडून तो ओढून घेऊ नका.

मागे ओढून सोडायच्या गाड्या खूप खपतात. मी त्या ठेवते, पण कामाच्या गाडीत ती कमान मला पसंत नाही. गाडी सुसाट जाते, भिंतीवर आपटते, मूल मागे धावतं. माल भरायला सवड कुठे? रोलर, डंपर, जेसीबी ही सावकाश चालणारी वाहनं. त्यांची चाकं मोकळी हवीत, आस लोखंडी सळईचा हवा आणि हौदा दणकट. दोन वर्षांच्या मुलाला एकच हलणारा भाग पुरतो, तो मुठीत मावेल एवढा जाड असला म्हणजे झालं. चार वर्षांनंतर सांधे वाढवा. आणि गाडी घेतली की माती, वाळू, ज्वारीचे दाणे, काहीतरी वाहायला द्या. “घर घाण होतं” म्हणणाऱ्या आईला मी एक जुनी चादर खाली घाला म्हणते. संध्याकाळी चार टोकं उचलली की घर साफ. दाणे मात्र तुमच्या डोळ्यांसमोर असतानाच. लहान मुलं ते नाकात घालतात.

एक गोष्ट मला अजून मुलांना देता आलेली नाही. कार्तिकापासून आमच्या वाळवा, पलूस, कराड भागातले रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी भरतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर मोळ्या रचलेल्या, पुढं टेप लावलेला. मुलं दारात उभी राहून ट्रॉल्या मोजतात, पडलेलं कांडं उचलायला धावतात. हंगामात रोज एखादं मूल काउंटरला नाक लावून विचारतं, “डबल ट्रॉली हाय का?” एक ट्रॉलीवाले ट्रॅक्टर माझ्याकडे आहेत. त्यांच्या ट्रॉलीला मागे हूक नसतो, म्हणजे दुसरी जोडायची सोय नाही. ओळखीच्या सुतारानं मला लाकडी जोडट्रॉल्या करून दाखवल्या, सुरेख होत्या. पण प्रमाणपत्राशिवाय त्या विकणं नियमात बसत नाही आणि मुलांच्या बाबतीत मला नियम मोडायचा नाही. म्हणून मी आईबापांना चपलांच्या खोक्याची दुसरी ट्रॉली करायला शिकवते. सुतळीनं बांधायची, आणि खराट्याच्या काड्या सारख्या तोडून मोळ्या रचायच्या.

खेळणी बनवणाऱ्या कुणाच्या वाचनात हे आलं तर त्यांना माझी विनंती आहे. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर करा. जाड हूक, सहज जोडता-सोडता येईल असा. ट्रॉलीच्या बाजू उघड्या, मोळ्या रचता येतील अशा. दिवे नकोत, गाणं नको, सुटणारे आरसे नकोत. आयएसआय खूण हवी. पहिले शंभर नग मी घेईन, आणि पैसे रोख देईन.